नगरपरिषद आहे, पण लोकांची सभा कुठे आहे? विडी घरकुलापासून संडास मेळ्यापर्यंत, लोकांनी स्वतः चालवलेल्या जागांची गोष्ट

अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या माणसाकडे एक हक्क आहे, जो त्याच तालुक्यातल्या मैंदर्गीत राहणाऱ्या माणसाकडे नाही.

तो हक्क म्हणजे ग्रामसभा. खेड्याच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही ग्रामसभेत उभा राहून "पाण्याच्या टाकीचे पैसे कुठे गेले?" असं सरपंचाला तोंडावर विचारू शकतो. वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या नीट होतात की नुसत्या कागदावर, हा वेगळा विषय. पण हक्क आहे.

मैंदर्गी मात्र नगरपरिषदेचं गाव. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे बोलण्यात कानडी आणि मराठी दोन्ही. इथे सभा होते ती नगरसेवकांची. नागरिकाने मत द्यायचं आणि पुढची निवडणूक येईपर्यंत थांबायचं. त्यात २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि महापालिका काही वर्षं प्रशासकांच्या हातात होत्या. नगरपरिषदांसाठी मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे मधल्या काळात तक्रार घेऊन जायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

मग शहरातल्या माणसाने आपल्या गल्लीचा, नळाचा, घराचा निर्णय स्वतः घ्यायचा असेल तर कुठे जायचं?

याचं एक उत्तर कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या काळात दिलंय. जागा मिळायची वाट बघू नका, जागा तयार करा. आणि याची मोठी उदाहरणं शोधायला फार लांब जायची गरज नाही. मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरला निघालात, तर शहर लागायच्या आधी कुंभारी येतं. त्यातलं एक उदाहरण तिथेच उभं आहे. पण आधी मुद्दा समजून घेऊ.

स्वयंशासित जागा म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, जी जागा वापरणारेच चालवतात ती. नियम तेच ठरवतात, पैसे तेच गोळा करतात, भांडणं तेच सोडवतात आणि हिशोबही एकमेकांनाच देतात.

याचं छोटं रूप तुमच्या घरातही असेल. आईची किंवा काकूची भिशी. ना बँक, ना मॅनेजर. दहा-पंधरा बायका, ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख आणि चिठ्ठी. कुणाच्या घरी लग्न निघालं तर नंबर बदलून द्यायचा की नाही, हे त्याच बायका बसून ठरवतात.

जगभरात याची मोठी रूपंही दिसतात. १९६८ मध्ये आंरी लफेव्र या फ्रेंच विचारवंताने 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली. शहर कसं असावं हे ठरवण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं. १९७१ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये लोक घुसले आणि 'क्रिस्टियानिया' नावाची वस्ती तयार झाली. तिथले निर्णय रहिवाशांच्या सभेत होतात.

पण अशा जागा म्हणजे फक्त परदेशातली हिप्पी वस्ती, असा समज असेल तर सोलापूरचा इतिहास बघायला हवा.

सोलापूर: ते चार दिवस

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह सुरू होता. ५ मेला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं शहर असलेलं सोलापूर पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, लोक मारले गेले. संतापलेल्या जमावाने पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीसही मारले गेले. त्यानंतर ब्रिटिश प्रशासनाने शहरातून अंग काढून घेतलं.

पुढचे काही दिवस, १२ मेला मार्शल लॉ लागेपर्यंत, सोलापुरात इंग्रजांचं राज्य जवळपास नव्हतंच. वाहतूक सांभाळण्यापासून बंदोबस्तापर्यंतची कामं काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी केली. सोलापूरकर आजही हे दिवस 'स्वातंत्र्याच्या आधीचं स्वातंत्र्य' म्हणून अभिमानाने सांगतात.

याची किंमत मोठी होती. मार्शल लॉ जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापुरातल्या चार हुतात्मा चौकात आज त्यांचे पुतळे आहेत.

या चार दिवसांतून एक प्रश्न मागे राहतो. लोक शहर चालवू शकतात हे दिसलं, पण ते टिकलं नाही. समोर लष्कर असताना ते टिकणं अवघडच होतं. मग वर्षानुवर्षं टिकेल अशी जागा उभी करायची तर काय लागतं? याचं उत्तर त्याच सोलापुरात साठ-सत्तर वर्षांनी मिळालं, आणि तेही ज्यांच्याकडे ना पैसा होता ना वेळ, अशा बायकांकडून.

कुंभारी: विड्या वळणाऱ्या बायकांचं गाव

सोलापुरातल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक वस्त्यांमध्ये पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीच्या कामाला, असं घराघरातलं चित्र झालं.

विडीचं काम कसं चालतं? बाई ब्रँचमधून तेंदूची पानं आणि तंबाखू घेते. घरी आणून पानं भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि परत ब्रँचला नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. त्यातही खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जातात, त्याचे पैसे नाहीत.

म्हणजे या बाईसाठी घर हे फक्त राहायचं ठिकाण नाही, तिचा कारखानाही तेच आहे. भाड्याच्या एका खोलीत स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, आजारी सासू आणि तंबाखूची धूळ, सगळं एकत्र. त्यामुळे घराची मागणी ही थेट कामाच्या जागेची मागणी होती.

नव्वदच्या दशकात सिटू या कामगार संघटनेने ही मागणी हातात घेतली. पुढे होते नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि १९७८, १९९५, २००४ असे तीन वेळा आमदार. पण नुसते मोर्चे काढून थांबायचं नाही असं ठरलं. बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि तिला नाव दिलं गोदावरी परुळेकरांचं. गोदूताई म्हणजे १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाच्या लेखिका.

पैशाचं गणित साधारण असं होतं. एका घराचा खर्च ६०,००० रुपये. त्यातले २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि २०,००० त्या बाईचे स्वतःचे. आज हा आकडा छोटा वाटेल. पण हजार विड्यांवर मजुरी मिळवणाऱ्या बाईने २०,००० उभे करायचे म्हणजे वर्षानुवर्षांची पै-पै.

२००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कुंभारीतल्या या १०,००० घरांच्या चाव्या देण्यात आल्या. सोलापुरात याला 'विडी घरकुल' म्हणतात.

पण यात स्वयंशासन कुठे आलं? पैसे तर सरकारनेही दिले!

मुद्दा रास्त आहे. सरकारी घरकुल योजनेत साधारणपणे लाभार्थी कोण हे यादी ठरवते, जागा अधिकारी ठरवतात आणि बांधकाम ठेकेदार करतो. लाभार्थ्याने फक्त रांगेत उभं राहायचं. इथे मात्र मागणी करणारी, पैसे भरणारी आणि संस्थेची सभासद ती बाईच होती. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असतं, शेअर कितीही असोत. वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि हिशोब तपासून घ्यावे लागतात. आणि संस्था महिला विडी कामगारांची असल्यामुळे घर बाईच्या नावावर झालं. ज्या घरांत नवऱ्याने "निघ माझ्या घरातून" म्हटलं की बाईला माहेर गाठावं लागायचं, तिथे या एका ओळीने किती फरक पडला असेल, याचा विचार करून बघा.

पुढे याच धर्तीवर असंघटित कामगारांसाठी 'रे नगर' उभं राहिलं. एकूण ३०,००० घरं, तीही कुंभारीतच. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, ड्रायव्हर असे यातले लाभार्थी. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते १५,००० घरांचा ताबा देण्यात आला.

यात एक गंमत आहे आणि एक पेचही. पायाभरणीच्या कार्यक्रमात आडम मास्तरांनी मोदींचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून ३ महिन्यांसाठी निलंबित केलं. म्हणजे घरं हवी असतील तर ज्या सरकारशी भांडायचं, त्याच सरकारसोबत स्टेजवरही बसावं लागतं. किती जवळ जायचं आणि कुठे थांबायचं, हा पेच अशा प्रत्येक जागेसमोर येतो.

मुंबई: आधी स्वतःची मोजणी

सोलापुरातल्या बायकांकडे निदान कामगार म्हणून ओळखपत्र होतं. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांकडे तेही नव्हतं. त्यांनी सुरुवात कुठून केली हे बघण्यासारखं आहे.

१९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवायची घोषणा केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखलं जातं. १० जुलै १९८५ ला निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. पण नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, असंही म्हटलं. म्हणजे हक्क मान्य, पण झोपडी जाणारच.

भायखळ्यात 'स्पार्क' ही संस्था १९८४ पासून फुटपाथवरच्या बायकांसोबत काम करत होती. सरकारी नोंदीत हे लोक नव्हतेच. मग वस्तीनेच आपली मोजणी केली. कोण कुठून आलं, किती वर्षं झाली, काय काम करतं, कामावर कसं जातं. त्यातून १९८५ मध्ये 'वी, द इनव्हिजिबल' हा अहवाल आला. बहुतेक जण कामावर चालत जात होते, हे त्यातून दिसलं. लांब नेऊन टाकलं तर रोजगारच जाणार, हे सांगायला आता पुरावा होता.

पुढच्या वर्षी याच बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुतम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनशी तिची जोडी जमली. कामाची पद्धत साधी होती. रोजची बचत. वस्तीतलीच एक बाई घरोघर फिरून जमेल तेवढे पैसे गोळा करते. कुणी आजारी पडलं, कुणाचं सामान पालिकेच्या गाडीत गेलं, तर त्यातूनच कर्ज. पण पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोज प्रत्येक दारात जाणं. कुणाच्या घरी काय चाललंय हे त्या बाईला माहीत असतं. बैठक बोलावली की लोक येतात ते यामुळे.

अर्जुन अप्पादुराई या अभ्यासकाने या कामाला 'खोलवरची लोकशाही' म्हटलं. त्यांनी लिहिलेला एक प्रकार तर भन्नाट आहे. संडास मेळा! वस्तीतल्या लोकांनी स्वतः डिझाइन केलेल्या संडासांचं प्रदर्शन भरवायचं आणि बघायला अधिकाऱ्यांना, मोठ्या संस्थांच्या पाहुण्यांना बोलवायचं. ज्या गोष्टीची वस्तीला लाज वाटायची, त्याच गोष्टीवर वस्ती तज्ज्ञ म्हणून बोलायला लागली.

१९९९ नंतर पुण्यात महापालिकेने वस्त्यांमध्ये शौचालयं बांधायला संस्थांना बोलावलं, तेव्हा ही समज कामाला आली. बायकांना वेगळं प्रवेशद्वार, लहान मुलांसाठी वेगळी छोटी बैठक, पाण्याची टाकी आणि देखभाल करणाऱ्याला राहायला खोली. कुटुंबाने महिन्याचा पास काढायचा आणि त्यातून सफाईचा खर्च भागवायचा. या गोष्टी रोज पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला आपसूक सुचतात.

मग टिकतं ते कशामुळे?

अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. लोक मिळून पाणी, जंगल, कुरण कसं सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील.

एक, सभासद कोण हे स्पष्ट असतं. 'सगळ्यांचं' म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

दोन, नियम वापरणारेच करतात आणि बदलतात.

तीन, लक्ष ठेवणारा बाहेरचा नसतो, आपल्यातलाच असतो.

चार, नियम मोडणाऱ्याला आधी छोटी शिक्षा. पहिल्याच चुकीला हाकललं तर माणसं तुटतात.

पाच, भांडण सोडवायची स्वस्त आणि जवळची सोय असते.

सहा, वरचं सरकार निदान आडवं येत नाही.

आता सोलापूरचे १९३० चे दिवस या यादीला लावून बघा. शेवटचाच मुद्दा नव्हता आणि सगळं संपलं. महिला मिलनच्या बचतीत यातल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. आणि कॉलनीतली भिशी का बुडते, हेही या यादीतून कळतं. बहुतेक वेळा हिशोबाची वही एकाच माणसाकडे असते आणि ती इतर कुणी बघितलेलीच नसते.

घोळ कुठे होतो?

अशा जागांचं नुसतं कौतुक करून भागत नाही.

पहिला धोका, सगळं एकाच नेत्यावर उभं राहणं. मोठा नेता सरकारदरबारी काम करून आणतो हे खरं. पण सभेत प्रत्येक प्रश्नाला "साहेबांना विचारू" हेच उत्तर यायला लागलं, की ती जागा सभासदांची राहत नाही.

दुसरा धोका, सरकारने हात झटकणं. "तुम्ही छान चालवताय, मग तुम्हीच चालवा." शौचालय साफ ठेवणं हे खरंतर पालिकेचं काम. श्रीमंत वस्तीतल्या लोकांना गटाराच्या देखभालीसाठी बैठका घ्याव्या लागत नाहीत. गरीब वस्तीतल्या बाईने मात्र दिवसभर काम करून संध्याकाळी फुकटात पालिकेचंही काम करायचं, याला स्वयंशासन म्हणायचं की बिनपगारी नोकरी?

तिसरा धोका, घर मिळालं की एकत्र येणं थांबतं. लढताना दर आठवड्याला भेटणारी माणसं चावी मिळाल्यावर वार्षिक सभेलाही येत नाहीत. आणि नेमके तेव्हाच पाणी, बस, शाळा, दवाखाना हे रोजचे प्रश्न सुरू होतात. कुंभारी सोलापूर शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. शहरात कामाला जाणाऱ्याचा रोजचा वेळ आणि भाडं हा घराच्या किमतीत न दिसणारा खर्च आहे.

चौथा धोका आतला. क्रिस्टियानियात अमली पदार्थांचा बाजार वाढला, टोळ्या घुसल्या, खून झाले. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनीच तो बाजार भरायचा तो रस्ता उखडून टाकला. बाहेरच्या सत्तेला दूर ठेवलं म्हणजे आतली दादागिरी आपोआप जात नाही. आपल्याकडे तर जात, भाऊबंदकी आणि "बायकांना काय कळतं" हे सगळं सभेत आपल्यासोबतच येऊन बसतं.

मग मैंदर्गीसारख्या गावात काय होऊ शकतं?

कायद्यात थोडी वाट आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना अधिकार दिले, पण प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. मैंदर्गी त्याच्या जवळपासही नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून 'क्षेत्रसभा' आणल्या. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि तिथल्या मतदारांची सभा, अशी ही कल्पना. ग्रामसभेची शहरी बहीणच म्हणा. पण तुमच्या प्रभागात अशी सभा झाल्याचं तुम्हाला आठवतंय का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येईल.

म्हणून पहिलं काम म्हणजे नगरपरिषदेला लेखी विचारणं की आमच्या क्षेत्रसभेचं काय झालं. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी पुरेसा आहे.

दुसरं काम त्या उत्तराची वाट न बघता करता येतं. एक छोटी गोष्ट निवडायची. गल्लीचा नळ, अभ्यासिका, सार्वजनिक शौचालय किंवा बाजाराच्या दिवशी बायकांना बसायला सावली. कुणाकुणाला ती लागते याची घरोघर जाऊन यादी करायची. महिन्याची एक तारीख आणि एक जागा ठरवायची. वही दोघांकडे ठेवायची आणि हिशोब भिंतीवर लावायचा. सभा ज्या वेळेला बायका येऊ शकतात त्याच वेळेला घ्यायची आणि कानडीत बोलणाऱ्याला कानडीत बोलू द्यायचं.

गणपती मंडळ, तालीम, बचत गट यांच्यामुळे यातलं बरंचसं लोकांना आधीच येतं. वर्गणी गोळा करता येते, पाळ्या लावता येतात, दहा दिवस मंडप सांभाळता येतो. अडतं ते एकाच ठिकाणी. अकराव्या दिवशी सगळ्यांसमोर हिशोब वाचला जातो का, आणि "हे पैसे कुठे गेले?" असं विचारणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू दिलं जातं का?

खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारायची जागा कायद्याने दिलीय. शहरातल्या माणसाला ती मागायचीही आहे आणि तोवर आपल्या गल्लीत चालवूनही दाखवायची आहे.